मुद्रक, प्रकाशक आणि मालक : एकट्याच्या धंद्याची मराठी कुळकथा

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी या गावाविषयीची एक बत्तीस पानी पुस्तिका गेल्या वर्षी आमच्या हाती आली. गावातल्या एका कार्यक्रमानिमित्त ती काढलेली होती. मुखपृष्ठ देखणे, कागद बरा, भाषा शुद्ध आणि किंचित ओजस्वी. पाचव्या पानावर मात्र आम्ही थबकलो. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले १८१८ साली याच गावाच्या शिवारात इंग्रजांशी लढताना धारातीर्थी पडले, असे तेथे लिहिले होते. ती लढाई २० फेब्रुवारी १८१८ रोजी झाली खरी, पण सोलापूर जिल्ह्यातल्या, मोहोळ तालुक्यातल्या आष्टीला. आणखी दोन पाने उलटली तर ऑगस्ट १९४२ चा आष्टीचा उठाव. तो वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीचा. महाराष्ट्रात आष्ट्या पुष्कळ आहेत, बीड जिल्ह्यात तर एका तालुक्याचेच नाव आष्टी. परंतु १९४२ साली परतूरचा मुलूख निजामाच्या राज्यात होता, इंग्रजी अमलाखालच्या जिल्ह्यात नव्हता, एवढी गोष्ट मराठवाड्यातला शाळकरी मुलगाही सांगेल.

चौकशी केली तेव्हा कळले ते असे. पुस्तिका फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि झेरॉक्सचे दुकान चालवणाऱ्या एका तरुणाने, एकट्याने, दोन दिवसांत तयार केलेली होती. मजकूर त्याने कृत्रिम प्रज्ञेच्या एका साधनाकडून लिहवून घेतला, मुखपृष्ठावरचे चित्रही त्याच मार्गाने आले, मांडणी, छपाई आणि बांधणी त्याची स्वतःची. काही वर्षांपूर्वी अशा कामाला गावातले एक गुरुजी मजकूर लिहीत, तालुक्याला कुणी तो टंकून देई, दुसरे कुणी मुद्रिते तपाशी आणि छपाई जालन्याला होई. आम्ही चूक दाखवली तेव्हा तो तरुण ओशाळला, पण त्याने एक प्रश्नही विचारला : ‘‘सर, मग हे तपासायचं काम नेमकं कुणाचं होतं?’’

त्या वेळी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. पुस्तिका पुन्हा चाळली तेव्हा लक्षात आले, की तिच्यावर लेखकाचे नाव नाही, प्रकाशकाचे नाही, मुद्रकाचेही नाही. नेहमी शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात असणारी ती ओळ, ‘हे पुस्तक अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले’, तिचा पत्ता नव्हता. साहित्याचे आम्ही विद्यार्थी ही ओळ सहसा वाचत नाही. या लेखापुरती ती वाचायची आहे, कारण एकट्या माणसाच्या धंद्याचा मराठीतला सगळा इतिहास तिच्यात दडलेला आहे.

कृत्रिम प्रज्ञेच्या जोरावर एकच माणूस आख्खी कंपनी चालवील, ही भाषा अलीकडे अमेरिकेतून आपल्याकडे आली. सॅम ऑल्टमन यांच्यासारख्या उद्योजकांनी २०२४ च्या सुमारास एका माणसाच्या अब्ज डॉलरच्या कंपनीचे भाकीत केले आणि ते जगभर फिरले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकाराला त्यातले अब्ज डॉलर नवे वाटतील. एक माणूस मात्र चांगलाच ओळखीचा वाटेल.

मुंबईच्या गणपत कृष्णाजींपासून सुरुवात करू. अमेरिकन मिशनचा शिळाछापखाना पाहून या गृहस्थांना आपणही हिंदू धर्माची पुस्तके छापावीत अशी ओढ लागली. त्यांनी लाकडी यंत्र स्वतः जुळवले, दगडावर प्रयोग केले, शाईसुद्धा स्वतः बनवली. छापील पोथीच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी तिला शिवत नसत. त्यांच्यासाठी गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली. १८३१ मध्ये त्यांनी छापलेले पंचांग हे मराठीतले पहिले छापील पंचांग. यंत्र, शाई, प्रत, विक्री असे सगळे एका छपराखाली आणि बऱ्याच अंशी एका माणसाच्या हातात. ‘दर्पण’ निघाले ते त्यानंतर, ६ जानेवारी १८३२ रोजी. मराठी मुद्रणाचा आरंभ आपण बहुधा संपादकांच्या नावांनी सांगतो. कारागीर-व्यापाऱ्याच्या नावाने तो सांगितला तर गोष्ट वेगळी दिसू लागते.

तरीही ‘एकट्याने’ हा शब्द जपून वापरावा लागतो. जावजी दादाजींचे उदाहरण घ्या. १८६४ मध्ये टाइपांचा कारखाना, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना, आणि पुढे संस्कृत-मराठी ग्रंथांची अशी सुबक छपाई, की ‘निर्णयसागर प्रत’ हे पाठशुद्धीचे दुसरे नाव झाले. या कीर्तीवर नाव एकाचे. पण ज्या अक्षरांवर ती उभी राहिली त्यांचे पोलादी ठसे कोरणारे हात राणोजी रावजी आरू यांचे होते. त्यांचे नाव निदान मुद्रणेतिहासाच्या पुस्तकांत सापडते. खिळे जुळवणारे, फॉर्म बांधणारे, रात्री कंदिलाच्या उजेडात मुद्रिते वाचणारे शेकडो लोक कोठेच सापडत नाहीत. ‘ज्ञानकोशकार’ म्हणून आपण केतकरांचेच नाव घेतो. त्यांनी मात्र हे काम एकट्याचे नाही हे ओळखून नागपुरास चक्क मर्यादित कंपनी काढली होती, भाग विकले होते, आणि चिंतामण गणेश कर्वे, यशवंत रामकृष्ण दाते यांच्यासारखे सहकारी जमवले होते. कोशाचे तेवीस खंड विसाच्या दशकात पुरे झाले. कंपनीने केतकरांना श्रीमंत केले नाही ही गोष्ट निराळी.

एकट्याच्या धंद्याचे सर्वांत अस्सल उदाहरण आमच्या मते मुकुंदराव पाटलांचे आहे, आणि ते आष्टीसारख्याच खेड्यातले आहे. सत्यशोधक चळवळीचे ‘दीनमित्र’ त्यांनी १९१० मध्ये सोमठाणे येथून सुरू केले, पुढे ते तरवडीहून निघू लागले. तरवडी हे नेवासे तालुक्यातले गाव. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. पुण्या-मुंबईत ज्या गोष्टी हाताशी असतात त्यांतली एकही तेथे नव्हती. त्या काळच्या वर्तमानपत्राला तार लागते, टपाल लागते, टाइप लागतो, जाहिराती लागतात. खेड्यात होते ते एक टपाल, तेही बेताचे. अग्रलेख मुकुंदरावांचा, स्फुटे त्यांचीच, कविता त्यांच्या, वर्गणीचा तगादाही त्यांचाच. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर, म्हणजे सत्तावन्न वर्षे, ते या पत्राशी बांधलेले होते. ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहिणाऱ्या या कवीचा अभ्यास आपण विडंबनकाव्याच्या प्रकरणात करतो. एका खेड्यात बसून छापील शब्दाचा धंदा अर्ध्या शतकाहून अधिक काळ जिवंत ठेवणारा उद्योजक म्हणून त्यांचा अभ्यास कुणी फारसा केलेला नाही.

आणि येथेच कायदा समोर येतो. ‘दीनमित्र’ ज्या वर्षी निघाले त्याच १९१० साली सरकारने मुद्रणाचा नवा कायदा केला. नव्याने छापखाना घालणाऱ्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत अनामत घेण्याचा अधिकार त्याने दंडाधिकाऱ्यास दिला. सरकारला न रुचणारे काही छापले की ती जप्त. दंडाधिकाऱ्याच्या मर्जीने सूटही मिळे. कायदा सर्वांना सारखाच होता, पण मुंबईतल्या मोठ्या छापखान्याला दोन हजार रुपये म्हणजे एका खात्यातली नोंद, आणि कोरडवाहू मुलखात छापखाना काढू पाहणाऱ्याला पाचशे रुपये म्हणजे बैलजोडी आणि वर जमीन गहाण. १९२२ मध्ये तो कायदा रद्द झाला. धोरण ठरवणाऱ्यांनी आजही हे प्रकरण वाचावे असे आम्हांला वाटते. पैशाच्या रूपाने मागितलेली जबाबदारी मोठ्याला झेपते आणि छोट्याला उठवते.

याच्या आधीचा, १८६७ चा कायदा मात्र वेगळ्या प्रकृतीचा होता. छापखाने आणि पुस्तकांची नोंदणी यांसंबंधीचा. त्याने पैसे मागितले नाहीत, नाव मागितले. प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण, प्रकाशकाचे नाव आणि त्याचे ठिकाण वाचता येईल अशा रीतीने छापले पाहिजे. ठरलेल्या प्रती सरकारात दिल्या पाहिजेत. हेतू पाळतीचा होता, त्याविषयी भ्रम नको. १८५७ ला अवघी दहा वर्षे झाली होती. पण त्या पाळतीतून त्रैमासिक याद्या निघाल्या : ग्रंथाचे नाव, भाषा, कर्ता, विषय, पाने, प्रतींची संख्या, किंमत, शिळाछाप की टाइप, हक्क कुणाचा. एकोणिसाव्या शतकात कोणती लावणी किती प्रतींत छापली गेली आणि ती काय भावाने विकली गेली, हे आज आपल्याला कळते ते या कारकुनी नोंदींमुळे. शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’ हे अजस्र काम बहुतांशी एकहाती उभे केले, ग्रंथालये पालथी घालून. त्यांनाही नाव-ठिकाण-साल छापलेली पानेच आधाराला होती.

निजामाच्या राज्याला हा इंग्रजी कायदा लागू नव्हता. तेथे वर्तमानपत्र काढायचे तर दरबारची परवानगी लागे, राज्यकारभाराची भाषा उर्दू, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दू. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये ‘मराठवाडा’ हे पत्र सुरू केले, त्यावर बंदी आली की नाव बदलून ते पुन्हा काढायचे, असा त्यांचा क्रम होता. त्या पत्राचा पुढला इतिहास अनंत भालेरावांच्या नावाने आपल्याला ठाऊक आहे. परतूर, आष्टी, मंठा या टापूतल्या माणसांनी त्या काळी जे मराठीत लिहिले ते छापले जाण्याची वाट इतकी अरुंद होती. गावाची माहिती असलीच तर महसुलाच्या उर्दू कागदांत, बाडांत, देवस्थानांच्या वह्यांत आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी. सप्टेंबर १९४८ मध्ये राज्य विलीन झाले. परतूर परभणी जिल्ह्यात होते, १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा ते त्यात आले. म्हणजे अर्धशतकापूर्वीचे कागद शोधायचे तर जिल्हासुद्धा दुसरा.

आता त्या पुस्तिकेतली चूक पुन्हा पाहू. यंत्र खोटे बोलले असे आपण सहज म्हणतो. पण ते अगदी विशिष्ट प्रकारे चुकले. ज्या आष्टीविषयी इंग्रजी बखरकारांनी, गॅझेटियरांनी आणि पाठ्यपुस्तकांनी लिहिले, ती त्याला माहीत होती. ज्या आष्टीविषयी कुणाला लिहू-छापू दिले गेले नाही, तिच्या जागी त्याने पहिलीला बसवले. रिकामी जागा त्याने रिकामी ठेवली नाही. अशा साधनांना भाषा शिकवली जाते ती आधी लिहिलेल्या मजकुरावर. म्हणून मुद्रणाच्या इतिहासातली दरी त्यांच्या ज्ञानात जशीच्या तशी उतरते, फक्त ती दरी म्हणून दिसत नाही, कारण वरून ओघवत्या वाक्यांचे गवत उगवलेले असते. गावातल्या गुरुजींनी पुस्तिका लिहिली असती तर त्यांना कदाचित फार माहिती नसती. पण बापू गोखले आपल्या शिवारात पडले नाहीत, हे त्यांना नक्की ठाऊक असते.

मराठीत एकट्याच्या धंद्याला यंत्राने बळ दिल्याची ही पहिली वेळ नाही. पायाने चालवायच्या ट्रेडलने ते दिले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून संगणकावरच्या अक्षरजुळणीने दिले. पुण्यात घडलेल्या ‘श्रीलिपी’सारख्या प्रणालींनी आणि सी-डॅकच्या कामाने खिळ्यांच्या केसा भंगारात गेल्या आणि तालुक्या-तालुक्यांत डीटीपीची दुकाने उघडली. त्या वेळी जुळाऱ्यांची एक पिढी घरी बसली. कागदोपत्री तिची मोजदाद आम्हांला कोठे आढळली नाही, आणि तिच्याविषयी एक बरी कादंबरीही झालेली नाही. फरक असा, की ट्रेडलने आणि श्रीलिपीने हात हलके केले. वाचणारे डोळे कुणाचे तरी राहिले. मुद्रिते तपासणारा माणूस धंद्यातून उठला नव्हता. या खेपेला गेला तो तोच.

कायद्याने एकट्या माणसाला आपल्याकडे उशिराच ओळखले. १८९६ मध्ये इंग्लंडात सॉलोमन नावाच्या जोडे करणाऱ्याचा खटला गाजला; कंपनीला सात भागधारक हवेत म्हणून त्याने बायको आणि पाच मुले धरून सात भरले होते. त्याची कंपनी ही त्याच्याहून वेगळी व्यक्ती आहे, असा निर्णय झाला. आपल्याकडे इराणी समितीने २००५ मध्ये एका व्यक्तीच्या कंपनीची शिफारस केली, २०१३ च्या कंपनी कायद्याने ती मान्य केली, आणि पन्नास लाखांचे भांडवल व दोन कोटींची उलाढाल ही मर्यादा १ एप्रिल २०२१ पासून उठली. कृत्रिम प्रज्ञेच्या संदर्भात धोरणाची चर्चा होते ती या रूपाभोवती. पण आष्टीचा आमचा तरुण कंपनी नाही. तो प्रोप्रायटर आहे. त्याचे देणे त्याच्या घरादारावर येते. बायको आणि धाकटा भाऊ संध्याकाळी बांधणीला बसतात, त्यांची नावे कोणत्याच नोंदीत नाहीत. एकट्याच्या धंद्याला सवलती द्यायच्या तर त्या कंपनीच्या कागदाला न देता या माणसाला कशा पोहोचतील, हा खरा प्रश्न. त्यावर फारसे कुणी बोलत नाही.

मग कर्ता कोण? १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक कलम आले : संगणकाने निर्माण झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती निर्माण होण्यास जो कारण होतो तो. संगणक म्हणजे मोठे टंकयंत्र, असे समजण्याच्या काळातले हे कलम. आजच्या साधनांना ते कितपत लागू पडते हे न्यायालयांनी अजून निर्णायकपणे सांगितलेले नाही. २०२० मध्ये एका चित्राची नोंद कृत्रिम प्रज्ञाप्रणालीला सहकर्ता धरून झाली आणि पुढच्याच वर्षी स्वामित्वहक्क कार्यालयाने ती मागे घेण्याची नोटीस काढली, एवढी अनिश्चितता आहे. तरी कलम सरळ वाचले तर कर्ता आमचा तरुणच ठरतो. हक्क त्याचा, तशी बापू गोखल्यांची चूकही त्याची. त्याला हे कुणी सांगितले नव्हते.

त्याच वेळी ज्यांच्या लिखाणावर ही साधने पोसली गेली त्यांचे काय, हा प्रश्न आहे. उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामकाजपत्रात सरसकट सक्तीचा परवाना आणि त्यापोटी निर्मात्यांना मानधन, अशी योजना सुचवली आहे. कल्पना आम्हांला तत्त्वतः पटते. पण मानधन कुणाला द्यायचे हे नोंदीवरून ठरणार. आणि मराठीतल्या दिवाळी अंकांत, जिल्हा दैनिकांच्या रविवार पुरवण्यांत, पदरमोड करून काढलेल्या कवितासंग्रहांत जे लिहिले गेले त्याची नोंद कुणाकडे आहे? परतूरच्या एखाद्या शिक्षकाने स्वखर्चाने छापलेला ग्रामीण कथासंग्रह यंत्राने वाचला असेल, तर त्याचे चार पैसे त्याच्या वारसांपर्यंत जाण्याची वाट शेवटी त्या बारीक टाइपातल्या ओळीतूनच जाते.

आणि नेमकी तीच ओळ आपण सोडून दिली आहे. १८६७ चा कायदा रद्द करून २०२३ चा नियतकालिकांच्या नोंदणीचा कायदा आला, तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला. त्याच्या कक्षेतून पुस्तके वगळली गेली. वसाहतकाळाचे जोखड उतरले म्हणून स्वागत झाले, ते समजण्यासारखे आहे. पाळतीचा कायदा गेला याचे दुःख आम्हांलाही नाही. आता उरला १९५४ चा सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती देण्याचा कायदा. कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रकाशकाने प्रत पाठवावी, न पाठवल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि पुस्तकाची किंमत. पन्नास रुपयांत आष्टीहून परतूरला जाऊन येणे आणि एक चहा, इतके होते.

आमचे मत विचाराल तर कृत्रिम प्रज्ञेवर चालणाऱ्या एकट्याच्या धंद्याकडे सरकारने १९१० च्या नजरेने पाहू नये. परवाने, अनामती, अनुपालनाचे अर्ज आणि तपासनिसांची फी हे सगळे बंगळुरूच्या कंपन्या सहज पुरे करतील आणि झेरॉक्सचे दुकान बंद पडेल. १८६७ च्या कायद्यातली पाळत काढून नाव तेवढे परत आणावे. जे छापून लोकांत वाटले किंवा विकले जाते त्यावर ते कुणी प्रसिद्ध केले, कोठे, आणि मजकूर यंत्राकडून घेतला असल्यास कुणी तपासला, एवढी एक ओळ. तिला खर्च येत नाही. मुकुंदरावांना अनामतीचा धाक असेल. नाव छापण्याचा नव्हता, उलट त्यासाठीच तर त्यांचा सगळा खटाटोप होता. आमच्यातल्या एका सहकाऱ्याचा याला आक्षेप आहे. सत्तेविरुद्ध लिहिणाऱ्याला निनावी राहण्याची गरज पडते, वाघमाऱ्यांना पत्राची नावे बदलावी लागली, ते विसरू नका, असे त्याचे म्हणणे. आक्षेप खरा आहे आणि त्याचे समाधान आमच्याकडे पुरते नाही. पत्रक आणि गावाचा इतिहास यांत कायद्याला फरक करता यावा, इतकेच आम्ही म्हणू शकतो.

पुस्तिकेच्या उरलेल्या दीडशे प्रतींत आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. पाचव्या आणि सातव्या पानावरचा मजकूर या गावाचा नाही, असे तीत लिहिले आहे. मसुदा त्या तरुणाने स्वतः लिहिला. ‘धारातीर्थी’ वगैरे शब्द नाहीत, एके ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे. खाली त्याचे नाव, दुकानाचा पत्ता आणि मुक्काम पोस्ट आष्टी, ता. परतूर, जि. जालना. दुसऱ्या आवृत्तीसाठी तो सध्या गावातल्या म्हाताऱ्यांकडून जुन्या गोष्टी मोबाइलवर बोलून घेतो आहे, आणि आजोबांच्या पेटीत सापडलेला एक उर्दू कागद वाचून देणारे कुणी भेटेल का, असे त्याने आम्हांला विचारले आहे.